परत परत येणारं पत्रक बघ

अरे, दिवाळीच्या फराळाचं पत्रक काढायचं म्हणून तू मोबाइलमध्ये ढीगभर नमुने साठवलेस, ते मी सगळे बघितले. दिसायला एकापेक्षा एक आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यातले बरेचसे डिझायनर मंडळींनी एकमेकांना दाखवायला केलेले आहेत. त्यातलं एखादं बघून कुणी फोन उचलला आणि किलोभर चकली मागवली का, हे त्या चित्रावरून तुला कधीच कळणार नाही. माझी हयात छापखान्यात गेली. खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंत सगळं या हातांनी केलं, आणि पत्रक छापून नेलेला माणूस पुन्हा येतो की नाही हे काउंटरवर बसून बघितलं. तेव्हा सूनबाईंनाही बोलाव आणि दोघं नीट ऐका.

आधी रद्दीवाल्याकडे जा. चेष्टा नाही करत. लोक पेपर विकतात तेव्हा आतली पत्रकं काढत बसत नाहीत, घडीत तशीच राहतात. रद्दीवाल्याला चार पैसे दे, कोपऱ्यात बस आणि तुमच्या भागातून आलेले गठ्ठे चाळ. फायदा असा, की पत्रकाबरोबर तारीखही मिळते, कारण ज्या पेपरात ते सापडलं त्याच्या माथ्यावर ती छापलेलीच असते. घरी येऊन प्रत्येक पत्रकाच्या पाठीमागे पेन्सिलीनं तारीख, वार आणि पेपरचं नाव लिही. मागच्या दिवाळीचा गठ्ठा मिळाला तर सोनंच, पण रद्दी इतके दिवस पडून राहत नाही. म्हणून पुढच्या वर्षासाठी यंदापासूनच साठवायला लाग. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पेपरातून पत्रकांचा पाऊस पडतो, तेव्हा शेजारच्या चार घरी सांगून ठेव की पत्रकं टाकू नका, मला द्या.

आता गठ्ठ्यात शोधायचं काय? जे परत आलं ते. सुंदर पत्रक एकदा दिसतं आणि गायब होतं. आणि एखादं गुलाबी कागदावरचं, काळ्या शाईतलं, अगदी गरीब दिसणारं पत्रक जूनमध्ये येतं, सप्टेंबरमध्ये येतं, जानेवारीत पुन्हा येतं. ते टाकणारा माणूस दर वेळी खिशातून पैसे काढतो. धंदा मिळाला नसता तर दुसऱ्यांदा काढले नसते. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा जाहिरातवाला होता, त्यानं १९२३ मध्ये ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा सगळा भर यावरच होता: कूपन कापून किती जणांनी पाठवलं ते मोजा, ज्या जाहिरातीनं जास्त आणली ती चालवा, बाकीचं सोडून द्या. आपल्याला दुसऱ्याचा हिशेब बघायला मिळत नाही, पण तो पुन्हा आला एवढं दिसतं. तेवढं पुरे.

इथे थोडं तारतम्य मात्र ठेव. बिल्डर, मोठे क्लासेस, निवडणुकीचे उमेदवार यांची पत्रकंही परत परत येतात, पण त्यांच्याकडे उधळायला पैसा असतो आणि त्यांना फक्त नाव तोंडी बसवायचं असतं. तुझा गुरू तो नव्हे. गादी भरून देणारा, वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणारा, पाळणाघर चालवणाऱ्या बाई, साडीला पिको-फॉल करणारा, असा पै-पै मोजणारा माणूस बघ.

माझ्या फायलीत एक आहे, सोफा दुरुस्तीचं. हातात धरून बघ. पिवळा कागद, एकच काळी शाई, पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं. वर धंद्याचं नाव नाहीच! वरची ओळ आहे: ‘जुना सोफा बसला? घरी येऊन नवा करून देऊ.’ त्याखाली फोन नंबर, अर्ध्या इंचाच्या आकड्यांत, पाच-पाच आकडे तोडून. मग तीन ओळींत काय काय करतो ते: स्पंज बदलणं, कापड बदलणं, लाकडाचं पॉलिश. मग भागांची नावं, कोथरूड, कर्वेनगर, वारजे, एरंडवणे. मग ‘नमुन्याचं कापड घरी आणून दाखवू, बघण्याचे पैसे नाहीत’. आणि तळाला पुन्हा तोच फोन नंबर. दुकानाचं नाव कुठे, तर नंबरच्या बाजूला, बारीक. चित्र एकही नाही. याला डिझायनर नाक मुरडेल. पण सोफा बसलेल्या घरातल्या बाईच्या मनात ज्या क्रमानं प्रश्न येतात त्याच क्रमानं हे लिहिलंय. माझं काम होईल का, कुणाला फोन करू, नेमकं काय करता, आमच्याकडे येता का, आणि उगाच बघायला बोलावलं तर पैसे पडतील का.

त्याच माणसाची दोन वेळची पत्रकं मिळाली तर एकमेकांशेजारी ठेव आणि काय बदललं ते शोध. भागांची नावं वाढली असतील, एखादी ओळ गळाली असेल, फोन नंबर मोठा झाला असेल. मधल्या काळात त्याच्याकडे आलेल्या फोनांनी त्याला जे शिकवलं, ते त्या बदलात असतं. एवढं शिक्षण तुला कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही.

नमुने जमले की ते रंगाप्रमाणे किंवा धंद्याप्रमाणे लावू नकोस. तीन ढीग कर: परत आलेली, एकदाच आलेली, आणि ज्यांचं अजून कळलं नाही ती. पहिल्या ढिगातलं प्रत्येक पत्रक घेऊन वर सोफ्याचं जसं उलगडलं तसं उलगडून वहीत लिही. वरची ओळ काय सांगते? फोन कितव्या ठिकाणी आहे? किंमत दिलीय की दडवलीय? आत्ताच फोन का करावा याचं कारण दिलंय का? दोन-चार पानं भरली की कुणी न सांगता तुझं तुलाच दिसायला लागेल.

जुने नमुने बघायचे असतील तर नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालयात जाऊन जुने दिवाळी अंक चाळ. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी जाहिरात या अंकांतून वाहत आलीय. त्यातल्या एकरंगी जाहिराती बघ. रंग नाही, फोटो नाही, तर मग शब्दांवर आणि मोकळ्या जागेवर केवढं काम करून घेतलंय! मात्र नमुना बघणं वेगळं आणि उचलणं वेगळं. दुसऱ्याच्या चकलीचा फोटो इंटरनेटवरून उतरवून आपल्या पत्रकावर छापू नकोस. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे डब्यातली चकली फोटोसारखी निघाली नाही तर गिऱ्हाईक तोंडावर सांगेल. खिडकीशेजारी सकाळच्या तिरप्या उजेडात आपल्याच चकलीचा फोटो काढ. काटे दिसले पाहिजेत.

नमुन्यांनंतरचं संशोधन फोनवर करायचं. मागच्या वर्षी ज्यांनी फराळ घेतला त्यांनी फोनवर काय काय विचारलं ते सूनबाईंना आठवायला लाव आणि त्यांच्याच शब्दांत लिहून काढ. ‘तळायला तेल कुठलं?’ ‘बेसन लाडू डालड्यातले नाहीत ना?’ ‘अर्धा किलो मिळेल का, आम्ही दोघंच असतो.’ ‘मुलगा जर्मनीत आहे, तिकडे पाठवता का?’ ‘अनारसे कराल का हो, मला जमत नाहीत.’ ही शेवटची ओळ ऐकलीस? हेच तुझ्या पत्रकाचं डोकं. ‘यंदा अनारसे आमच्यावर सोपवा.’ चिवडा घरोघरी होतो, शंकरपाळे होतात. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, दळा, गुळात कालवून मुरवा, आणि एवढं करूनही तुपात टाकल्यावर विरघळायचा तो विरघळतोच. अडचण जिथे आहे तिथे धंदा आहे.

आणि भीती ओळख. किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर कितीही चांगला असला तरी त्या भीतीचं उत्तर दिल्याशिवाय तो खपणार नव्हता. घरगुती फराळ मागवणाऱ्याची भीती दोनच गोष्टींची असते. माल शिळा निघेल, आणि ऐन वसुबारसेला डबा आलाच नाही तर? पहिलीचं उत्तर ‘ऑर्डरनंतरच तळतो’ असं दे, जर खरंच तसं करत असाल तर. दुसरीचं उत्तर म्हणजे तारीख: ‘अमुक तारखेपर्यंत सांगा, अमुक तारखेला दारात.’ ‘वेळेवर डिलिव्हरी’ असं छापू नकोस, त्याला काही अर्थ नसतो.

आता कुणाकडे पाठवायचं. अमेरिकेतल्या टपाल-जाहिरातीच्या धंद्यात एड मेयर यांच्या नावानं एक हिशेब सांगतात: यशातला ४० टक्के वाटा पाठवण्याच्या यादीचा, ४० टक्के तुम्ही देऊ करता त्या गोष्टीचा, आणि डिझाइन-मजकूर-कागद सगळं मिळून २० टक्के. आकडे काही कुणी तराजूत तोलले नाहीत, पण क्रम बरोबर आहे. तू अक्षरांचा रंग ठरवण्यात आठवडा घालवशील आणि पत्रक मात्र जिथे सगळे वसतिगृहातले विद्यार्थी राहतात अशा गल्लीत टाकशील, तर चकलीचा काटाही खपणार नाही.

तुझी सगळ्यात चांगली यादी सूनबाईंच्या वहीत आहे, मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची. त्यांना पेपरातून पत्रक नको, टपालानं पाठव. पाकिटावर नाव हातानं लिही आणि नाव बरोबर लिही. गोखले बाईंना ‘गोखळे’ लिहिलंस तर उघडण्याआधीच गेलं. आत पत्रकासोबत दोन ओळी, ‘मागच्या वर्षी तुम्ही दोन किलो चिवडा घेतला होता, यंदा अनारसेही करतो आहोत.’ अशी शंभर पाकिटं पेपरातल्या हजारोंना भारी पडतात. नवी गिऱ्हाइकं हवीत तर पिनकोड घेऊन बस. हा पिनकोड आपल्याच माणसाचं काम, श्रीराम भिकाजी वेलणकरांचं; संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारी-जिल्ह्याचे, ४११ म्हणजे पुणे, आणि शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांचे पिनकोड वहीत मांड. समज, निम्म्याहून अधिक ४११०३८ निघाले, तर यंदा कोथरूडातच खोल जा, हडपसरला कशाला धावायचं? नाव-पत्ता न लिहिता एखाद्या भागात वाटायचं असेल तर टपाल खात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ सेवा आहे, पोस्टमन वाटतो. दर आणि अटी पोस्टात जाऊनच विचार. आणि कुणी ‘दहा हजार नंबरांची यादी देतो’ म्हणून आला तर चहा पाजून परत पाठव. माणसांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय वापरण्याबद्दल २०२३ चा कायदा झालाय, आणि तशी यादी बहुतेक वेळा शिळीच असते.

पत्रक कुठल्या वाटेनं जातंय त्यावर त्याचं रूप ठरतं, हे डिझाइन बघताना लक्षात ठेव. पेपरातून जाणारं पत्रक पहाटे वाटपाच्या जागी, पुरवण्या घालताना, भराभरा आत सरकवलं जातं. गुळगुळीत जाड कागद असेल तर पेपर उघडताच सटकून जमिनीवर पडतो, आणि पाठमोरा पडला तर मागची कोरी बाजू वर. म्हणून दोन्ही बाजूंवर काहीतरी हवं, निदान मागे एक ओळ आणि फोन नंबर. सोसायटीच्या पत्रपेटीत टाकायचं तर पेटीची फट मोज, घडी न करता आत गेलं पाहिजे. टपालानं जाणाऱ्यात पत्त्याची बाजू पहिल्यांदा दिसते, ती वाया घालवू नकोस. टपाल खात्यालाही हे कळलेलं होतं. त्यांनी मेघदूत पोस्टकार्ड काढलं, पत्त्याच्या बाजूला जाहिरात, आणि म्हणून ५० पैशांचं कार्ड लोकांना २५ पैशांत.

आकार ठरवण्याआधी प्रेसमध्ये जा. हे मी दहादा सांगते, कारण सगळे उलटं करतात. आपल्याकडे पत्रकं वर्षानुवर्षं डेमी कागदावर निघत आली. १८ × २३ इंचाचा कागद, त्याचे आठ केले की ९ × पावणेसहा इंच. याला प्रेसमध्ये वन-एट डेमी म्हणतात. तुझा संगणक मात्र ए-फाइव्ह उघडतो, १४८ × २१० मिलिमीटर. १४८ मिलिमीटर म्हणजे ५.८३ इंच, डेमीच्या आठव्या हिश्शापेक्षा केसभर रुंद. त्या केसभरासाठी आठ पत्रकं त्या कागदात बसत नाहीत, मग १८ × २५ चा कागद लागतो. प्रेसवाल्याकडे कुठला कागद पडलाय, त्यात किती बसतात, हे विचारून मग डिझाइन उघड. कडेपर्यंत रंग न्यायचा असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा सोड, कटिंगला लागतो.

कागदाचं थोडक्यात. साठ-सत्तर जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा, मॅपलिथो स्वस्त पडतो, पण शाई पितो, फोटो मळका दिसतो. एकरंगी मजकुराला तो उत्तम. फोटो हवा असेल तर नव्वद किंवा शंभर जीएसएमचा आर्ट पेपर घे. आर्ट पेपरवर बॉलपेन नीट चालत नाही, म्हणजे गिऱ्हाइकानं भरायचा फॉर्म त्यावर ठेवू नकोस. टपालाचा दर वजनावर चालतो, तेव्हा हिशेब येऊ दे. ए-झीरो कागद एक चौरस मीटरचा, ए-फाइव्ह त्याचा बत्तिसावा भाग. नव्वद जीएसएमचं ए-फाइव्ह पत्रक तीन ग्रॅमसुद्धा भरत नाही. पाकीट आणि चिठ्ठी मिळून किती होतं ते घरच्या वजनकाट्यावर बघून घे.

अक्षरांबद्दल मी बोलले नाही तर मला झोप लागायची नाही. इंग्रजी अक्षरांची सवय असलेला डिझायनर ओळ ऐसपैस दिसावी म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतो. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मोकळेपणा हवा असेल तर दोन ओळींमध्ये दे, तिथे लागतोच, कारण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा खातात. इंग्रजीच्या मापानं ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. कॅपिटल आपल्याकडे नाहीत, म्हणून जोर द्यायला फक्त आकार आणि जाडी उरते. ती एकाच ठिकाणी वापर. चार ठिकाणी जाड केलंस तर काहीच जाड दिसत नाही. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं टाळ. चार रंगांच्या छपाईत प्लेट केसभर जरी हलली तरी ती भरून जातात, आणि फोन नंबरातला इंग्रजी 3 आणि 8 एक होतात. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं पुन्हा तपास, ‘ऱ्या’, ‘क्ष’, ‘द्ध’ ही पहिल्यांदा मोडतात. हल्ली संगणकाला सांगून चित्रासकट पत्रक करून घेतात, त्यातली देवनागरी तर भिंगाखाली धरून वाच. कोथरूडात चुकीचं शुद्धलेखन छापलंस तर फोन नक्की येतील, पण ऑर्डरसाठी नाहीत.

दोन मसुदे झाले की घरातल्या माणसांना ‘कुठलं आवडलं?’ असं विचारू नकोस. आपली माणसं, ती तुझ्या तोंडाकडे बघून सांगतील. त्याऐवजी शेजारच्या आजींच्या हातात दे, पाच सेकंदांनी काढून घे आणि विचार, ‘काय विकतोय मी? कधीपर्यंत सांगायचं?’ उत्तर आलं नाही तर वरची ओळ बदल. मग चष्मा काढून हातभर लांब धरून तूच बघ, फोन नंबर वाचता येतो का. क्यूआर छापणार असशील तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी चौकट सोड, आणि छापलेल्या कागदावरून दोन वेगवेगळ्या मोबाइलनं उघडून बघ. पडद्यावरून उघडला म्हणून कागदावरून उघडेलच असं नाही.

खरी परीक्षा मात्र वाटपातच. दोन पत्रकं कर आणि त्यात फक्त एक फरक ठेव. एकाची वरची ओळ अनारशांची, दुसऱ्याची ‘किलोवर पाव किलो चिवडा भेट’. बाकी सगळं तेच. दोन वेळा छपाईचा खर्च नको, एका प्लेटवर आठ पत्रकं बसतात तर चार या ओळीची, चार त्या ओळीची लाव, कापल्यावर गठ्ठे वेगळे होतात. एकाच दिवशी, एकाच भागात, निम्मी-निम्मी जाऊ देत. तळाच्या कोपऱ्यात एकावर बारीक ‘क’, दुसऱ्यावर ‘ख’. फोन आला की ‘कुठून कळलं?’ असं विचारलंस तर सगळे ‘पेपरात वाचलं’ म्हणतात. विचार, ‘कोपऱ्यात कुठलं अक्षर आहे हो?’ आणि वहीत टिंब टाक. नऊ आणि अकरा असा निकाल आला तर त्याला निकाल समजू नकोस, पाच आणि पंचवीस आला तर समज. हिशेबही आधीच मांड. समज, दोन हजार पत्रकांचा छपाई-वाटपासकट खर्च चार हजार रुपये आला आणि एका ऑर्डरमागे दीडशे रुपये सुटतात, तर सत्ताविसाव्या ऑर्डरला पत्रकानं स्वतःचे पैसे फेडले. सत्तावीस येतील असं वाटत नसेल तर आधी हजारच काढ.

दोन ओळी कायद्याच्या. अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा चौदा आकडी नंबर पत्रकावर छाप, विश्वास बसतो. ‘शुद्ध साजूक तुपातले’ छापायचं तर कढईतही साजूक तूपच हवं, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. बिनसाखरेचा लाडू करत असाल तर ‘बिनसाखरेचा’ एवढंच लिहा. ‘मधुमेह बरा होतो’ वगैरे लिहिलं की १९५४ चा औषधं आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा दारात उभा राहतो.

पत्रक लोकांनी टाकून द्यायला नको, ठेवून घ्यायला हवं. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घराघरात लटकतंय. पुढे तारखा आहेत म्हणून, आणि मागे पाककृती नि लेख आहेत म्हणूनही. गणपतीत दुकानदार आरत्यांची छोटी पुस्तिका वाटतात, तीवर त्यांचं नाव असतं, आणि ती देव्हाऱ्याजवळ वर्षभर राहते. तूही मागच्या बाजूला वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या तारखा, अभ्यंगस्नानाची आणि लक्ष्मीपूजनाची वेळ दे, पंचांगातून दोनदा पडताळून. फ्रिजवर चिकटवण्याइतकी सुटसुटीत. त्याखाली फोन नंबर. ही युक्ती कुठल्याही झगझगीत डिझाइनपेक्षा जास्त दिवस काम करेल, असं माझं मत आहे.

वेळापत्रक सांगते. पितृपक्षात फराळाचं पत्रक वाटू नकोस, बऱ्याच घरांत ते खटकतं. पण त्याच पंधरवड्यात मजकूर, फोटो, प्रूफ उरकून टाक, तेव्हा प्रेसमध्येही उसंत असते. जुन्या गिऱ्हाइकांची पाकिटं नवरात्रात टाक, पेपरातली पत्रकं दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारपैकी शनिवारी; रविवारी पेपरात इतकी पत्रकं असतात की तुझं त्या गर्दीत जाईल. वाटून झाल्यावर प्रत्येक नमुन्याच्या मागे तारीख, भाग, किती वाटली, किती ऑर्डरी आल्या ते लिहून फायलीत लाव, दुसऱ्यांच्या पत्रकांशेजारीच. प्रूफवर सही करण्याआधी छापलेला फोन नंबर स्वतः फिरवून बघ, आणि सूनबाईंचा मोबाइल वाजला तरच सही कर. छपाईला द्यायचं ते घटस्थापनेच्या आत, नंतर प्रेसवाला तुझा फोन उचलणार नाही.